शाळेपुढची डावी लेन

महिना झाला, भर दुपारी बापूरावांच्या ढाब्यावरच्या खाटा रिकाम्या पडत होत्या, आणि त्यांची मुलगी रोशनी मोबाइलमधल्या नकाशावर दात-ओठ खात होती.

कारंजाच्या पुलाखालच्या सर्व्हिस रोडला दोन लेन. शाळेपुढची डावी मुलांच्या ऑटोंसाठी. तिथं ट्रकला बंदी. उजव्या लेननं ट्रक खुशाल यायचे आणि पुढं ढाब्यावर थांबायचे. पण नकाशात अख्खा रस्ताच ट्रकला बंद दिसत होता. हल्लीचे ड्रायव्हर मोबाइलचंच ऐकतात. ते पुलावरूनच परस्पर अमरावतीकडं निघून जात.

हा नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो. 'बंदी फक्त डाव्या लेनवर' अशी दुरुस्ती रोशनीनं तीनदा केली आणि तपासणाऱ्या कुण्या शहाण्यानं ती तीनदा पुसली. उत्तर दरवेळी एकच: आमच्याकडच्या फोटोत लेनचा उल्लेख नाही, पूर्ण पाटीचा फोटो पाठवा.

"त्याले म्हणा, इथं येऊन पाह्य," बापूराव म्हणाले. "एसीत बसून माहा धंदा बसवून राह्यले."

शेवटी रोशनी तणतणत शाळेपाशी गेली. बापूरावही मागोमाग आले. खांबावर वर पाटी होती, 'अवजड वाहनांस प्रवेश बंद'. तिच्याखाली तारेनं करकचून बांधलेला फ्लेक्स: गॉगल लावून हात जोडलेले बापूराव आणि 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. ढाब्यावरच्या पोरांनी महिन्यापूर्वी हौसेनं लावलेला. वाढदिवस सरला म्हणून फ्लेक्स काढायची आपल्याकडं पद्धत नाही. वाऱ्यानं फाटेल तेव्हा फाटेल.

रोशनीनं शाळेतून स्टूल मागून आणलं आणि तार सोडायला घेतली.

"तो काऊन काढतं? चांगला दिसून राह्यला," बापूराव म्हणाले.

फ्लेक्स खाली आला. मागं दुसरी पाटी होती: 'फक्त डावी लेन'.

"म्हणजे म्याच झाकून ठेवली होती?"

"तुमच्या गॉगलनं, बाबा."

तिला हसू आलं नाही. रडावंसं वाटलं. महिनाभर ज्याला शिव्या घातल्या, तो बिचारा बरोबरच सांगत होता. तिनं फोटो पाठवला. तासाभरात उत्तर आलं: दुरुस्ती मंजूर, ड्रायव्हरांच्या मोबाइलवर दिसायला अजून एक महिना लागेल.

बापूरावांनी फ्लेक्सची घडी घातली, आपला चेहरा आतल्या बाजूला ठेवून. वर पुलावरून एक ट्रक धडधडत गेला. त्यांनी मान वर केली नाही.