फिरते बोल्ट

गंधालीने माउसने खाटेची बाजूची पट्टी जराशी ओढली आणि पडद्यावरचा बोल्ट पुन्हा गर्रकन फिरला.

“काय वैताग आहे यार!” ती इतक्या जोरात म्हणाली, की शेजारच्या टेबलावरच्या सुगंधाने हातातला चहा खाली ठेवला.

मुलुंडच्या त्या छोट्या कारखान्यात हॉस्पिटलच्या खाटा बनत. नव्या खाटेचं मॉडेल मुकुलने कॉम्प्युटरवर जोडलं होतं आणि कालपासून तो आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होता. उरलेलं काम गंधालीच्या गळ्यात आलं होतं. बोल्ट त्याने भोकांत नीट बसवले होते, पण एकाचंही फिरणं लॉक केलं नव्हतं. कुठेही हात लावला, की त्यांची सहाकोनी डोकी मन मानेल तिकडे वळत.

केबिनच्या दारातून नंदकिशोर सर डोकावले.

“झालं का गं? लेझरवाला फाइल मागतोय. आज प्लेटा कापायला गेल्या नाहीत, तर तो आपल्याला पुढच्या आठवड्यावर ढकलेल. आणि ते बोल्ट सरळ कर. हॉस्पिटलवाल्यांना हेच चित्र दाखवायचंय.”

“करतेय सर.”

एकेक बोल्ट पकडायचा, सरळ करायचा, ‘लॉक रोटेशन’वर टिक करायची आणि मशीन विचार संपवेपर्यंत पडद्याकडे बघत बसायचं. मध्येच कॉम्प्युटर अडकला आणि अर्धं काम गेलं. गंधालीने डबा उघडलाच नाही. शेवटी सगळी डोकी एका रांगेत उभी राहिली, तेव्हा तिने कुठला भाग दुसऱ्या भागात घुसतोय का ते तपासलं. काहीच नाही.

“झकास दिसतंय,” सुगंधा म्हणाली.

तरी गंधालीचा राग उतरेना. फाइल पाठवायच्या आधी तिने मुकुलला फोन लावला.

“लॉक करायला काय जातं रे तुझं? सकाळपासून तुझं निस्तरतेय मी.”

पलीकडे तो कुणाला तरी ‘हळू, आई’ म्हणाला. मग विचारलं, “सगळे केलेस?”

“सगळे.”

“उशाकडच्या खांबाजवळचा पण? तो फिरवला की प्लेटला घासतोय असं वाटत होतं. नीट बघायचं राहिलं.”

“मग सांगायचं ना!”

“परवा सांगत होतो गं. तू म्हणालीस, आधी बोल्ट सरळ कर, मग बोल.”

ती म्हणाली होती. गंधालीने फोन ठेवला.

तिने तेवढा एक बोल्ट मोकळा केला आणि हळूहळू फिरवला. सरळ उभा असताना त्याची सपाट बाजू प्लेटपासून केसभर लांब होती. जरा वळवल्यावर कोपरा प्लेटमध्ये घुसला आणि तिथे अडल्याची खूण म्हणून लाल डाग उमटला. आणखी वळवला, तर पुढचा कोपरा. पाना लावून कुणी कितीही जोर केला असता, तरी तो बोल्ट आवळला गेला नसता. आणि रुग्णाला उठवून बसवणारी खाटेची पाठ त्याच्यावरच पेलायची होती.

गंधालीने कपाळ चोळलं. सकाळपासूनची मेहनत तिच्यासमोर ओळीने उभी होती.

ती केबिनमध्ये गेली, तेव्हा सर लेझरवाल्याशीच बोलत होते.

“सर, फाइल आज जाणार नाही.”

त्यांनी फोनवर हात ठेवला. “आता काय? थांबले ना ते बोल्ट फिरायचे?”

“थांबले. पण खांबाजवळचा आवळताच येणार नाही. प्लेटला अडतोय. प्लेट बदलायला लागेल.”

“वाट लागली! मुकुलने घोळ घातला ना शेवटी?”

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मुकुल तिथे नव्हता, आणि ती दिवसभर सगळ्यांदेखत तेच तर म्हणत होती.

“त्याचे फिरत होते सर, तेव्हा घासलेलं दिसत तरी होतं,” ती म्हणाली. “लॉक मी केले.”