जयश्रीने सांभाळलेली घोडी

लिंबायतच्या गल्लीत सुकलालची लाखी ही वरातीची घोडी. चातुर्मासात लग्नं थांबली आणि लाखी दिवसभर खुंट्याला उभी राहू लागली. खुराक मात्र लग्नसराईचाच होता, भिजवलेला चणा दोन्ही वेळा.

श्रावणात कतारगामच्या एका मिरवणुकीत ती मागच्या पायांवर उभी राहिली. वरचा माणूस पडता पडता वाचला. बॅन्डवाला ललित सुकलालला म्हणाला, "वेची नाखो, सुकलालभाई, विकून टाका. ही कुणाचा तरी जीव घेईल."

सुकलाल दोन दिवस नीट जेवला नाही. त्याची बायको जयश्री घरीच साड्यांना खडे चिकटवायची, त्यामुळे घोडी सतत तिच्या नजरेसमोर असे. चणा खाल्ला की लाखी खूर आपटते, भिंतीला लाथा मारते, हे तिने पाहिलं होतं.

"दिनभर खुंटाले उभी, मंग वरातना खुराक कसाले?" ती म्हणाली.

"घोडी शे ती, बकरी नही!" सुकलाल उसळला.

पण जयश्री हटली नाही. दहा-बारा दिवसांत तिने चणा हळूहळू उतरवत मूठभरावर आणला. बारडोलीकडून सुक्या गवताचे भारे मागवले आणि ते थोडं थोडं करून दिवसभर लाखीपुढे टाकत राहिली. बादली भरलेली, मिठाचा खडा बाजूला. पहाटे कालव्याच्या कडेने फेरी. शेजारणी म्हणायच्या, "उपाशी मारतेय मुक्या जनावराला." जयश्री ऐकून घ्यायची आणि गवत झटकून लाखीपुढे टाकायची.

दिवाळीपर्यंत लाखीचं सुटलेलं पोट आवरलं, अंग चकाकू लागलं. लाथा तर कधीच थांबल्या होत्या.

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात ललितच्याच बॅन्डची निघाली. सुकलालच्या हातजोडणीवर तो कसाबसा तयार झाला होता. लगाम जयश्रीने स्वतः धरला. चौकात फटाक्यांची माळ अगदी पायाशी फुटली. लाखीने कान टवकारले, एकदा फुरफुरली आणि जागची हलली नाही. नवरदेवाचा फेटासुद्धा ढळला नाही.

"काय औषध दिलं?" ललितने सुकलालला विचारलं.

"मले काय इचारतस? तिले इचार," सुकलाल म्हणाला. एवढ्या मोठ्या आवाजात, की ढोलवाल्यांनीही वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ललित आणखी दोन घोडेवाल्यांना घेऊन दारात आला. जयश्रीने हातातली साडी बाजूला ठेवली आणि त्यांचे हात धरून लाखीच्या बरगड्यांवर टेकवले.

"बरगड्या हाताला लागतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. खुराक एवढाच हवा. बघा नीट," ती म्हणाली.