दोन सीटची गाडी आणि वीस इंच

मी एक जुनी मोटारगाडी आहे, आणि माझ्यात दोनच माणसं बसतात. मागची सीट मला नाही. छत कापडाचं आहे, ते गुंडाळून मागे ठेवता येतं. रंग लाल. जमिनीला मी इतकी लगटून आहे, की बैलजोडीच्या शेजारी उभी राहिले तर बैलांच्या पोटाखालून मला पलीकडचं दिसतं.

मित्रांनो, माझा जन्म १९६७ साली इंग्लंडातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला आलेल्या एका इंजिनिअरने मला जहाजातून आणलं आणि जाताना हैदराबादेत सोडलं. पुढे मालक बदलत गेले. शेवटच्याने मला कंपाउंडमधल्या कडुलिंबाखाली उभं केलं ते नऊ वर्षं. तेवढ्या काळात माझ्या सीटमध्ये एका मांजरीने तीनदा पिल्लं घातली.

१९८९ साली लातूरचे ईश्वरप्पा पत्रा खरेदी करायला हैदराबादेत आले. लातुरात डाळमिला पुष्कळ, आणि डाळमिलला चाळण्या लागतात. त्या चाळण्या बनवायचा ईश्वरप्पांचा छोटा कारखाना होता. भिंतीवरून त्यांना माझं नाक दिसलं. ते आत आले, वाकून माझ्या खाली बघितलं, बोटाने गंज खरवडला आणि मालकाला म्हणाले, "पत्रा जाड हाय हिचा. देता का?"

डाळ उतरवून लातूरला रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये मला चढवलं. दारात गुरम्मा, म्हणजे ईश्वरप्पांची बायको, उभी होती. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"हिच्यात सामान कुठं ठिवायचं?"

"सामान न्हाई. तू आन् मी."

"आन् पोरं?"

"पोरं मांडीवर."

गुरम्मा हसली नाही, पण घरात जाऊन भाकरतुकडा घेऊन आली आणि माझ्यावरून ओवाळून टाकला.

मला पुन्हा चालती केली ती नांदेडच्या फारूकने. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि त्याने माझ्यासारखी गाडी कधी पाहिली नव्हती. पुस्तक नव्हतं, विचारायला कोणी नव्हतं. प्रत्येक भाग सोडवण्याआधी तो गॅरेजच्या फरशीवर खडूने त्याचं चित्र काढायचा आणि मग त्या चित्रावरच तो भाग ठेवायचा. आठ महिने त्या फरशीला झाडू लागला नाही. दर रविवारी ईश्वरप्पा एसटीने नांदेडला यायचे, दिवसभर त्याच्या शेजारी उकिडवे बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. एका रविवारी ते एसटीने न जाता माझ्यातून गेले.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. लोह्याच्या, अहमदपूरच्या रस्त्याला शाळा सुटलेली पोरं माझ्यामागे धावायची. एका गावात म्हातारीने विचारलं होतं, "लगीन लागून आलं का रं?" तेव्हा ईश्वरप्पांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. गुरम्मा पदर मांडीखाली दाबून बसायची, म्हणजे तो वाऱ्याने उडत नसे. तिची थोरली बहीण रत्नम्मा उदगीरला राहायची. तिच्याकडे जाताना गुरम्माच्या मांडीवर नेहमी एक डबा असायचा आणि उदगीर येईपर्यंत तिचं बोलणं हळूहळू मराठीतून कानडीत शिरायचं. रस्त्यावर गतिरोधक वाढले तसा माझ्या पोटाचा पत्रा घासायला लागला. मग गतिरोधक दिसला की गुरम्मा न सांगता खाली उतरायची, पलीकडे चालत जायची आणि पुन्हा बसायची.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाणी नव्हतं. त्या वर्षी शेजारच्या सीटवर गुरम्मा बसली नाही, पाण्याचे कॅन बसले. पट्ट्याने बांधून ईश्वरप्पा ते आणायचे. लोक हसायचे, पण पाणी घरी यायचं.

मुलं शिकून पुण्याला, बंगळूरला गेली. कारखाना दुसऱ्याने चालवायला घेतला. घरात ती दोघं उरली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी.

मग गुरम्मा न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून सांधा बदलला. ती वॉकर धरून चालायला लागली, पण डॉक्टरांनी एक बजावून सांगितलं होतं. खुर्चीपेक्षा खाली बसायचं नाही, नाहीतर बसवलेला सांधा निखळेल.

मित्रांनो, माझी सीट जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे.

ईश्वरप्पांना हे कळत नव्हतं असं नाही. पण ते म्हणत राहिले, "जरा बरं वाटू दे, मग उदगीरला जाऊ. आपल्याच गाडीतनं." दर सोमवारी ते मला धुवायचे. पुसून झालं की पांढरी चादर घालायचे. बॅटरी उतरू नये म्हणून तिची वायर काढून ठेवायचे. इतकी माझी काळजी यापूर्वी कोणी घेतली नव्हती. गुरम्मा मात्र खिडकीशी खुर्ची घेऊन बसायची. ऑटोने ती दवाखान्यापुरती जायची, बाकी कुठे नाही. अकरा महिने झाले. रत्नम्माचा फोन यायचा तेव्हा ती म्हणायची, "बरोबर, अक्का, यायलोच आम्ही. गाडीचं थोडं काम निघालंय." माझं काहीही काम निघालेलं नव्हतं.

एप्रिलच्या एका दुपारी ईश्वरप्पा बँकेत गेले होते. वॉकर टेकत टेकत गुरम्मा शेडमध्ये आली. तिने माझी चादर ओढून काढली, दार उघडलं आणि पाठमोरी होऊन, दाराच्या कडेला धरून, एकदम खाली बसली. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण ती बराच वेळ डोळे मिटून होती. मग एकेक पाय हाताने उचलून तिने आत घेतला.

तिला ते करून बघायचं होतं. जमतंय म्हणून नवऱ्याला सांगायचं होतं.

उठायला गेली तेव्हा उठवेना. तिने दोनदा जोर केला, तिसऱ्यांदा केला नाही. फोन घरातच राहिला होता. वॉकर हाताच्या टप्प्याबाहेर होता. तिने हॉर्न दाबला. वायर काढलेली होती, त्यामुळे मी गप्प राहिले. पुन्हा दाबला. मी तेवढीच गप्प.

पत्रा तापला होता. ती हाका मारत होती, पण दुपारी लातुरात कूलर चालू असतात आणि दारं बंद. थोड्या वेळाने तिने हाका मारणं सोडलं. पदराने तोंड पुसलं, मग त्याच पदराने माझं स्टिअरिंग पुसलं. ते स्वच्छच होतं.

"तू मला खाली घेतीस," ती म्हणाली, "वर देत न्हाईस."

हे खरं होतं.

ईश्वरप्पा आले तेव्हा चार वाजले होते. त्यांनी आधी घरात हाका मारल्या, मग शेडमध्ये आले आणि दारातच थांबले. गुरम्माचा चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. त्यांनी पाणी पाजलं. काखेत हात घालून उचलायला गेले तशी ती ओरडली, "ओढू नका! निखळंल!"

मग त्या माणसाने जे केलं ते चाळण्या बनवणारा माणूसच करू जाणे. माणसाला वर घेता येत नाही, तर गाडी वर घ्यायची. त्यांनी जॅक आणला. एका बाजूने मला थोडं उचललं, चाकाखाली वीट सरकवली. दुसरीकडून उचललं, वीट सरकवली. पुन्हा पहिली बाजू. शेजारचे पंढरी सर आवाज ऐकून आले, ते विटा आणून देऊ लागले. तासभर हे चाललं. गुरम्मा आत बसून एकेक वीट वर येत होती. शेवटी ईश्वरप्पा म्हणाले, "आता पाय बाहेर काढ. बघ."

तिने पाय बाहेर सोडले, जमिनीला टेकवले, त्यांचा खांदा धरला आणि उभी राहिली.

गुरम्मा वॉकर धरून घरात गेली. ईश्वरप्पांनी खिशातून मोजपट्टी काढून जमिनीपासून माझ्या सीटपर्यंतचं अंतर मोजलं आणि पेन्सिलीने भिंतीवर लिहिलं. वीस इंच. मग ते विटांवर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहत तिथेच मातीत बसले. खांदे हलत होते. मी गाडी आहे, त्यातलं मला जितकं कळलं तितकंच सांगते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाटकाशी नव्या गाड्या यायला लागल्या. पहिली मोठी होती, काळी, छताला काच असलेली. शोरूमचा माणूस गाडीतल्या टीव्हीसारख्या पडद्याविषयी बोलत होता. ईश्वरप्पांनी मोजपट्टी लावली. "एकोणतीस. हिला शिडी लागंल." दुसरी देखणी होती, लांबट, पुढून थोडी माझ्यासारखी झुकलेली. ईश्वरप्पा तिच्याभोवती जरा जास्त वेळ फिरले. पट्टी लावली, चौदा आली. तरी त्यांनी विचारलं, "उशी टाकली तर?" गुरम्मा खुर्चीतूनच म्हणाली, "पुन्हा विटा आणता का?"

तिसरी गाडी उभट होती, चौकोनी, फिकट राखाडी रंगाची. वीस इंचांना अर्धा इंच कमी भरली. गुरम्मा तिच्यापाशी गेली, पाठ फिरवली, बसली. जशी खुर्चीत बसते तशीच. मग उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. शोरूमचा माणूस मायलेज सांगत होता, ते कोणी ऐकत नव्हतं.

"डबा हाय निव्वळ," ईश्वरप्पा हळू म्हणाले.

"डब्यातच भाकरी नरम राहती," गुरम्मा म्हणाली. ती अजून आतच बसली होती. "दार लावा बघू."

ती राखाडी गाडी घ्यायचं ठरलं, पण शेडमध्ये एकाच गाडीची जागा होती. म्हणून मला विकायचं ठरलं.

पहिलं गिऱ्हाईक भुजंग नावाचा एक हॉटेलवाला आला. चांगला माणूस होता, हसतमुख. हायवेवरच्या हॉटेलच्या गच्चीवर मला चढवायचं, लाइटिंग करायचं, लोक माझ्यात बसून फोटो काढतील, असा त्याचा बेत होता. "इंजिन काढून तुमच्याकडंच ठिवा, अप्पा. वजन कमी होईल." किंमतही त्याने खुशीने जास्त सांगितली. ईश्वरप्पा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर सांगितलं, "नुसती बसवूनच ठिवायची असती तर माझ्याकडं काय वाईट होती?"

मग त्यांनी फारूकला फोन केला. "तूच घे. तुझ्याइतकी कुणाला माहीत हाय?"

पंचावन्न वर्षांचा फारूक पलीकडून हसला. "अप्पा, मला गाडी ठिवता येत न्हाई, सुधारता येती. दुसऱ्या कुणाची असली तर माझ्याकडं येत तर राहील. पण एक गिऱ्हाईक हाय. फक्त नाराज होऊ नका."

ते गिऱ्हाईक होतं मुदखेडचे आनंदराज. रेल्वेत इंजिन चालवून नुकतेच निवृत्त झालेले.

"मोटार चालवता का?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"न्हाई."

"कधीच?"

"अप्पा, मी चौतीस वर्षं गाडी चालवली, पण वळवली एकदाबी न्हाई. रूळ जातील तिकडं गेलो." आनंदराज संकोचून बोलत होते. "आता वाटतंय, स्वतःच्या हातानं वळून बघावं. फारूकभाईच्या गॅरेजात हिचा फोटो बघत बघत मी कितीदा चहा प्यालोय."

ईश्वरप्पांचं तोंड उतरलं. ज्याला चालवता येत नाही त्याच्या हाती मला द्यायची त्यांची छाती होईना. पण आनंदराजांनी बॉनेटवर तळवा टेकवला आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरला जरा धाप लागती हिच्या." तो दोष ईश्वरप्पांना आणि फारूकला सोडून कोणालाच माहीत नव्हता.

"रोज सकाळी या," ईश्वरप्पा म्हणाले. "शिकवतो. लायसन निघालं की घेऊन जा."

आनंदराज लातुरात भाच्याकडे राहिले. पाच आठवडे रोज सकाळी मोकळ्या मैदानात आम्ही तिघं. पहिल्या वळणाला त्यांनी लांबलचक हॉर्न दिला आणि सरळ बाभळीत शिरले. माझ्या उजव्या डोळ्याखाली अजून ओरखडा आहे. ईश्वरप्पा ओरडले नाहीत. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात कशी वागते, हे ते शेजारच्या सीटवर बसून पहिल्यांदाच पाहत होते. ती सीट पस्तीस वर्षं गुरम्माची होती. एकदा ते म्हणाले, "इथनं पाय लांब करता येत न्हाईत की. कधी बोलली न्हाई ती."

लायसन निघालं, कागद झाले. मी मुदखेडला आले.

इथे माझं बरं चाललंय. दिवसाआड मी फिरते, कधी देगलूरपर्यंत जाते. चादर माझ्यावर क्वचित असते, त्यामुळे रंग थोडा उडाला आहे. फारूक महिन्याने येतो, तिसऱ्या सिलिंडरशी भांडतो आणि चहा पिऊन जातो.

दिवाळीनंतर एक राखाडी गाडी आमच्या दाराशी थांबली. ईश्वरप्पा उतरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओरखड्यावर बोट फिरवलं. आनंदराज किल्ली पुढे करून म्हणाले, "एक चक्कर मारा की, अप्पा." ईश्वरप्पांनी मान हलवली. "नको. अक्काकडं चार दिवस राहून आलो, आता किनवटला जायचंय, जंगल बघायचं म्हणती ही." एवढं बोलून ते पलीकडचं दार उघडायला घाईने वळले. तर गुरम्मा केव्हाच एकटी उतरून फाटकापाशी पोचली होती आणि आनंदराजांच्या बायकोशी बोलत होती. ईश्वरप्पा हात तसाच पुढे धरून क्षणभर थांबले. मग त्यांनी ते उघडं दार हळूच लावलं.

मित्रांनो, लाडक्या वस्तूची निगा जरूर राखा. पण तिला पुसता पुसता एकदा मागे वळून बघा. घरातलं कोणी तिच्यामुळे खिडकीशी बसून राहिलं नाही ना? बसलं असेल, तर ती वस्तू चालती असतानाच, तिला चालवील अशा माणसाच्या हाती द्या. आम्हा वस्तूंना त्याचं वाईट वाटत नाही.