लाल कोपऱ्याचा ब्रश

मी एक जुना ब्रश आहे, मित्रांनो. दात घासायचा नव्हे, तेवढं माझं नशीब कुठलं. मी फरशी घासायचा. लाकडी पाठ, राठ प्लास्टिकचे केस. नांदेडच्या वजिराबादेत एका दुकानात टांगलेला होतो तेव्हा वाटायचं, एखाद्या घरचं अंगण घासीन, सणासुदीला माझी आठवण निघेल. कसलं अंगण आणि कसला सण. तिथल्याच एका तीन मजली दुकानांच्या इमारतीत माझी रवानगी झाली आणि पहिल्याच दिवशी जिन्याच्या वळणावर मला लोकांच्या तोंडातल्या घाणीत बुडवलं.

शी! आठवलं तरी केस ताठ होतात. गुटखा, पान, तंबाखू, कफ. चांगला इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस फोनवर 'जी साहेब, जी साहेब' करत चढतो, वळणावर थांबतो, मान वळवतो आणि पचकन... पुढचं सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवायला बसणार असाल. भिंतीवर 'येथे थुंकू नये' असं लिहिलंय. लोक त्या अक्षरांवरच नेम धरतात.

मला वापरणाऱ्या दोघी. साखराबाई मुदखेडहून सकाळच्या गाडीनं यायची. वयानं मोठी, गुडघ्यांनी थकलेली, जिभेनं मात्र ताजी. अख्तरी इथलीच, नवरा गेल्यावर एकटीनं लेकीला शिकवणारी. दोघींचा एक खेळ होता. या न संपणाऱ्या कामाला रोज सकाळी दोघींनी एकेक नवी उपमा द्यायची. जिची फिकी पडेल तिनं मला घेऊन वळणावरच्या त्या लाल कोपऱ्यात बसायचं, जिंकली तिनं कोरडा झाडू घेऊन वरचे मजले झाडायचे. मारुतीचं शेपूट पहिल्याच दिवशी बाद झालं. "ते समदेच म्हणतेत. नवं सांग," साखराबाई म्हणाली होती.

बहुतेक वेळा तीच जिंकायची. अख्तरी म्हणायची, "हे काम म्हंजे मोबाईलचं चार्जिंग, मावशी. भरलं की उतरलंच." मग साखराबाई पदर खोचून म्हणायची, "हे काम म्हंजे शेंबड्या लेकराचं नाक. पुसून पाठ वळली की परत वाहून राहिलं." अख्तरी हसत हसत मला उचलायची. त्या दोघींना हसू आणि मला शेंबूड. मला त्या खेळाचा मनस्वी राग यायचा. उपमा कुठलीही असो, तोंड माझंच घाणीत.

यंदा थंडीत अख्तरीच्या हातावर डाग काढायचं ॲसिड सांडलं. तळव्याची सालं निघाली. डॉक्टरनं पट्टी बांधली आणि पाणी अजिबात लावायचं नाही म्हणून बजावलं. इमारत सांभाळणारे महादेवप्पा काही वाईट माणूस नाहीत, पण कामापुढे त्यांना माणूस दिसत नाही. ते म्हणाले, "हात भिजवायचा नसेल तर पोरीला पाठव. काम कुणासाठी थांबत नसतंय."

ती पोरगी म्हणजे हुमा. तिची बारावीची परीक्षा तोंडावर आलेली. अख्तरीनं तिला या जिन्याची पायरीसुद्धा कधी चढू दिली नव्हती. माझ्या लेकीच्या हाताला हा वास लागायचा नाही, असं ती माझ्यानं फरशी घासताना दातओठ खात म्हणायची.

"कोपरा मी करते की रोज," साखराबाई म्हणाली.

"न्हाई मावशी. तुमचे गुडघे मला दिसत न्हाईत का? असला उपकार नको. खेळ हाय तसाच चालू द्या. हरले तर हुमाला आणते."

दुसऱ्या सकाळी बादलीत माझा जीव टांगणीला लागला होता. अख्तरी म्हणाली, "हे काम म्हंजे ईदच्या दिवशीचं दार. एक पाव्हणा गेला की दुसरा उभाच." बरी होती, पण साखराबाईपुढे टिकण्यासारखी नव्हती. साखराबाईनं छताकडे पाहिलं, कान खाजवला. "मला तर बाई आज काहीच सुचून नाही राहिलं," म्हणाली आणि मला उचलून कोपऱ्याकडे निघाली.

पुढेही रोज तेच. मी चिडलो. एवढी तोंडाळ बाई, हिनं काय डोकं गहाण ठेवलंय? मग एकदा अख्तरी वर गेल्यावर ती कण्हत कण्हत गुडघे टेकून बसली आणि माझ्यानं फरशी घासता घासता पुटपुटली, "हे काम म्हंजे मोबाईलमधले सुप्रभातचे फुलं. कितीबी पुसा, सकाळी परत हजर." एकटीच फिसकन हसली. पुढच्या सकाळी म्हणाली, "हळदीतलं तण. खुरपत शेवटच्या सरीला पोचावं, तर पहिलीत उगवलेलं." रोज एक, एकाहून एक सरस. अख्तरीला मात्र त्यातली एकही ऐकू दिली नाही. मी जन्मभर किळस करत आलो, पण त्या दिवसांत मला कोपऱ्यात जायला हरकत वाटली नाही.

हुमानं सगळे पेपर दिले. अख्तरीचा हात बरा झाला. तोवर साखराबाईचे गुडघे पुरते गेले होते. तिनं काम सोडलं. अख्तरी तिला स्टेशनवर पोचवून आली आणि लाल कोपऱ्याजवळच्या पायरीवर बसून लेकीला फोनवर म्हणाली, "मावशी लई थकली गं. आधी कशी बोलायची. आता बिचारीला काही सुचतच न्हाई."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ब्रशला केस असतात, जीभ नसते.

मित्रांनो, तुम्हाला आहे. जिन्याच्या वळणावर तोंड भरून आलं तर बाहेर जाऊन चूळ भरा, कुणाला तरी तिथं गुडघे टेकून बसावं लागतं. आणि कधी त्या जिन्यानं गेलात तर अख्तरीला माझा एवढा निरोप द्या, की मावशीला सगळं सुचत होतं.