उरलेली मंडळी

"अता, तिथे नको. इथे बसा ना, जागा आहे," उमसुनाई म्हणाली. सासऱ्याला ती आपल्या किर्गिझ भाषेत अता, म्हणजे बाबा, म्हणायची. पण तोवर सासऱ्याने सूपचा वाडगा उचललाही होता. दोन्ही हातांत जपून धरून, पाय घाशीत तो खिडकीपाशी गेला, वाडगा कठड्यावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसला. मान खाली घालून त्याने पुटपुटत प्रार्थना केली आणि एकटाच जेवायला लागला.

टेबलाशी तिचा नवरा आरोन मान वर न करता पाव मोडत होता. दिवसभराच्या वेल्डिंगने त्याचे डोळे लाल झाले होते.

"राहू दे गं," तो म्हणाला. "त्यांना तिथेच गोड लागतं."

म्हातारा जर्मनीहून आल्यापासून हे असंच चाललं होतं. बाप खिडकीपाशी, लेक टेबलाशी, आणि मधे ती, मांडीवर खोकणाऱ्या पोरीला, हेलेनला, घेऊन. तिच्या माहेरी, वरच्या कुरणांकडच्या गावात, भांडायला आलेला माणूससुद्धा पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकल्याशिवाय दारातून परत जात नसे. आणि हा सासरा लेकाच्या घरात झोपतो, लेकाने आणलेला कोळसा शेकतो, पण त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवत नाही! पहिल्या रात्री ती गोठ्यात जाऊन रडली होती. तिला वाटलं, आपण किर्गिझ, परधर्माच्या, म्हणून असेल.

"वेडी आहेस," आरोन तेव्हा म्हणाला होता. "तुझ्या हातचं खातायत की. माझ्याबरोबर खात नाहीत. मी मंडळीतून, म्हणजे आमच्या चर्चमधून, काढलेला माणूस आहे. काढलेल्याला नमस्कार नाही, गालाला गाल नाही, त्याच्या पंगतीला बसणं नाही."

"स्वतःचा मुलगा असला तरी?"

"तेव्हा तर जास्तच."

लग्न झालं तेव्हा गावातले बहुतेक जर्मन निघून गेले होते. शंभर-सव्वाशे वर्षं इथे, किर्गिझ मुलखात, बीट आणि बटाटे पिकवून, रशियन बोलून, घरात आपली जुनी भाषा जपून, शेवटी गाठोडी बांधून ते त्या देशाला गेले जिथे त्यांचे आजे-पणजेही कधी राहिले नव्हते. तिचा सासरा कॉर्नेलियस फ्रीझन, सुतार आणि मंडळीचा वडील, म्हणजे प्रमुख, बायकोला घेऊन गेला. मागे राहिला तो आरोन, कारण काढलेल्याला बरोबर या म्हणायला कुणी आलं नाही. त्याचा गुन्हा एवढाच, की लष्करात बोलावणं आल्यावर त्याने शपथ घेतली होती. ही माणसं शपथ घेत नाहीत आणि हत्यार धरत नाहीत. ज्यांनी शपथ नाकारली ते तुरुंगात गेले. कॉर्नेलियसही आपल्या तरुणपणी आणि नंतर पुन्हा एकदा, आरोन शाळेत असताना, जाऊन आला होता.

आता सोमवारच्या विमानाने म्हातारा परत जाणार होता. पायऱ्या चढताना त्याला दम लागायचा, ओठ निळे पडायचे. पुन्हा येणं होणार नाही हे तिघांनाही कळत होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. उमसुनाई रात्री उठून पोरीच्या नाकाशी हात धरून श्वास बघायची, आणि मग उगाच म्हाताऱ्याच्या खोलीच्या दारालाही कान लावायची. हा माणूस इथून असाच गेला तर ही गप्प राहण्याची सवय घरात मुरेल, असं तिला वाटायचं. एक दिवस हेलेन आणि आरोनही एकमेकांकडे पाठ करून जेवायला बसतील.

शनिवारी सकाळी ती बटाटे सोलत होती. म्हातारा पाळण्याचा हलणारा पाय ठोकून बसवत होता. पोरीला खोकल्याची उबळ आली तसा तो हातोडी ठेवून तिच्याजवळ आला, छातीला कान लावला.

"घरघर आहे जरा."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही नाही. पण त्या सगळ्यांनाच काही नाही म्हणतात."

"आरोनलाही असंच व्हायचं दर थंडीत. त्याची आई त्याला भट्टीवरच्या उबदार ओट्यावर निजवायची." बोलता बोलता तो थांबला. लेकाचं नाव त्याच्या तोंडून सहज गेलं होतं.

उमसुनाईने सुरी खाली ठेवली. "अता, रागावू नका. पण तुम्ही आलात कशाला? नुसतं खिडकीपाशी जेवायला?"

तिला वाटलं, आता हा उठून जाईल. पण म्हातारा पाळण्याच्या कडेवर हात फिरवत राहिला.

"आमच्याकडे प्रभुभोजनाला पेला हातोहात फिरतो, पोरी. ज्याच्या मनात कुणाशी वाकडं आहे त्याने प्यायचं नाही, पुढे द्यायचा. माझी बायको, हेलेना, वारली तेव्हापासून मी पुढे देतोय. पहिल्यांदा लोक बघायचे. आता शेजारचा विचारतही नाही, माझ्यावरून हात लांब करून पलीकडच्याला देतो."

"मग हे आरोनला सांगा की! आज संध्याकाळी सांगा."

"असं कसं? त्याला काढायचा ठराव मंडळीचा होता. मंडळीनेच उठवायला हवा. मी तिकडच्या मंडळीच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, ठराव तिथला, तिथल्या लोकांनीच उठवावा." त्याने सुस्कारा टाकला. "इथे उरलंय कोण? सारा आणि अब्राम."

"आणि तुम्ही."

"आणि मी. उद्या बोलावलंय दोघांना. तुझ्या स्वयंपाकघरात चालेल ना? प्रार्थनाघरात मका भरलाय कुणीतरी."

तिला हसावं की रडावं कळेना. एवढ्या लांबून विमानाने आलेला बाप, लेकाच्या घरात, लेकाशी बोलण्याआधी सभा बोलावतोय! संध्याकाळी तिने आरोनला सांगितलं. तो हात धूत होता. बराच वेळ धूत राहिला.

"येऊ देत. चहा दे त्यांना," तो म्हणाला.

"तू बसशील ना?"

"बघू."

रविवारी सकाळपासून बर्फ पडत होता. म्हाताऱ्याने काळा कोट घातला, टेबल भिंतीला सरकवलं आणि बाक मधोमध ओढला. सारा मावशी आली ती दारातच बूट झटकत बोलायला लागली. तिच्यामागे भिंतीचा आधार घेत अब्राम काका. त्यांना आता ऐकू येत नसे.

"ही मंडळी!" सारा मावशी धपकन बसली. "कॉर्नेलियस, आपल्या तिघांत मिळून दात तरी किती आहेत रे?"

"काय म्हणाली?" अब्राम काकांनी विचारलं.

"दात म्हणाले, दात!"

"नाही, मला दुखत नाहीत."

"बहीण सारा," म्हातारा कडक आवाजात म्हणाला, "सभा आहे."

"मग लवकर कर. पाय गोठलेत माझे."

प्रार्थना झाली. उमसुनाई पोरीला घेऊन भट्टीपाशी उभी राहिली. आरोन बाकासमोरच्या स्टुलावर बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. नखांतला काळा रंग घासूनही गेला नव्हता. म्हातारा उभा राहिला आणि कुणा परक्याला विचारावं तसं त्याने विचारलं, "आरोन फ्रीझन, सैन्यात तू शपथ घेतलीस आणि मंडळीची शिकवण मोडलीस. त्याचा तुला पश्चात्ताप आहे का?"

"पापा, सरळ बोलू?"

म्हाताऱ्याने मान हलवली.

"तुम्ही आत होता तेव्हा आई थंडीत बीट उपटायला जायची. बोटं वाकडी झाली तिची. रात्री ती बोटं गरम पाण्यात धरून बसायची आणि आम्हाला सांगायची, पापा येशूसाठी बसलेत तिथे. मला या घरातलं अजून एक माणूस आत जायला नको होतं. म्हणून घेतली शपथ. चुकलं असेल. देवाला मी ते केव्हाच सांगितलंय. आमचं त्यावर बोलणं झालंय."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मग झालंच की! एवढंच हवं होतं. आता रीतीप्रमाणे तू जरा बाहेर उभा राहा. आम्ही हात वर करतो, मग तुला आत बोलावतो, आणि..."

"नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे, आरोन."

"मागच्या वेळीही दोन मिनिटांचंच होतं." आरोन उभा राहिला. आवाज चढला नव्हता, उलट दमलेला होता. "टोपी काढून उभा होतो अंगणात. खिडकीतून सगळं दिसत होतं. पहिला हात तुमचा वर गेला, पापा. बाकीचे तुमच्याकडे बघत बसले होते. तुमचा गेला, मग त्यांचे गेले, एकेक करून. मी पुन्हा दाराबाहेर उभा राहणार नाही. आणि माझ्याच घराच्या तर नाहीच नाही."

सारा मावशीने पदरासारखा रुमाल तोंडाला लावला. "मी डोळे मिटून केला होता रे हात वर," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, मिटले म्हणजे कमी लागेल."

संपलं, उमसुनाईच्या मनात आलं. आता हा खोलीत जाईल, बॅग भरेल. पोरीला तिने इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

म्हातारा आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. मग त्याने खुंटीवरची टोपी काढली. घातली नाही, हातातच धरली.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "मग मी जातो."

"कुठे जातोस? विमान उद्या आहे," सारा मावशी म्हणाली.

"बाहेर. हात मी वर केला होता. आज माझ्याबद्दल ठरवा. तुम्ही तिघं आहात, पुरे."

"तिघं?" तिने बोटं मोजल्यासारखं केलं. "म्हणजे आरोन धरून?"

"आरोन धरून," म्हातारा म्हणाला आणि दार उघडून बाहेर गेला.

खिडकीतून तो दिसत होता. लाकडाच्या ढिगाजवळ, कोट उघडा, टोपी दोन्ही हातांत. आतलं दिसू नये म्हणून तो खिडकीकडे पाठ करून उभा राहिला. टकलावर बर्फ पडत होता आणि तो झटकत नव्हता. उमसुनाईने पोरीला पाळण्यात टाकलं, शाल ओढली आणि दाराकडे धावली. सारा मावशीने तिचं मनगट पकडलं.

"थांब. हे तुझं काम नाही."

"मरेल तो माणूस! त्यांचे ओठ बघितलेत का तुम्ही?"

"बघितलेत. तरी थांब."

"झालं का? हात वर करायचा का?" अब्राम काकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता केला.

आरोन हलला नाही. तो बापाच्या पाठीकडे बघत होता. त्या रुंद सुताराच्या पाठीचा आता कोटाच्या आत जेमतेम आकार उरला होता. उमसुनाईला ओरडावंसं वाटत होतं, जा ना! पण तिने ओठ चावून धरले. हे तिच्या ओरडण्यावरून झालं तर ते तिचं होईल, त्याचं नाही, एवढं तिला कळत होतं.

"पण विचारायचं काय असतं?" बऱ्याच वेळाने आरोन म्हणाला. "हात कशासाठी वर करायचा?"

"मला काय माहीत? विचारणारा नेहमी तोच असायचा," सारा मावशी म्हणाली. "तो तर बाहेर उभा आहे."

आरोनच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. तो कोट न घालता बाहेर गेला.

काचेतून ऐकू येत नव्हतं. म्हातारा वळला आणि काहीतरी बोलायला लागला, मान हलवत, टोपी चुरगाळत. आरोन ऐकत राहिला. मधेच तो एकदा आभाळाकडे बघून डोळे पुसतोय असं तिला वाटलं, पण बर्फही असेल. मग त्याने बापाच्या टकलावरचा बर्फ तळव्याने झटकला, हातातली टोपी काढून घेतली आणि त्याच्या डोक्यावर घातली, कानांवर खाली ओढून, लहान पोराला घालतात तशी. म्हाताऱ्याने त्याचा तोच हात धरला आणि सोडलाच नाही.

आत आले तेव्हा अब्राम काकांचा हात अजून वरच होता. सारा मावशीने तो खाली ओढला. "कर खाली. एकमताने झालं."

उमसुनाईने घाईघाईने टेबल पुन्हा मधे ओढलं. सूप तापलेलं होतंच. म्हातारा आरोनशेजारी बसला, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. तिने त्याच्या पाठीवर शाल टाकली. त्याने हात जोडले, मान खाली घातली, आणि सगळ्यांनी घातली.

प्रार्थना लांबली. सारा मावशीने एक डोळा उघडला. "कॉर्नेलियस, आमेन म्हण की रे. निवतंय."

आरोनने ओठांवर बोट ठेवलं. म्हाताऱ्याचे ओठ हलत नव्हते, पण छाती हलत होती, संथ आणि खोल. उमसुनाईने सवयीने त्याच्या नाकाशी हात धरला. ऊब लागली. ओठांवरचा निळेपणा कमी झाला होता.

"झोपलेत," ती कुजबुजली.

"जागत होते ते. आल्यापासून रोज," आरोन म्हणाला. "मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं."

सारा मावशी अब्राम काकांना हाताला धरून बाहेर घेऊन गेली. ते विचारत होते, "जेवण नाही का?" आणि ती त्यांच्या कानात सांगत होती, "माझ्याकडे चल, माझ्याकडे आहे."

दार लागल्यावर उमसुनाई नवऱ्याजवळ वाकली. "बाहेर काय म्हणाले?"

"म्हणाले, माझं चुकलं."

"आणि तू?"

"म्हटलं, हो."

"बस्? एवढंच?"

"बऱ्याच वर्षांनी भेटलो गं," तो म्हणाला. "एकदम सगळं होत नाही."

बापाचं डोकं हळूहळू कलत त्याच्या खांद्यावर आलं. टोपी अजून डोक्यावरच होती. बर्फ वितळून तिचं पाणी आरोनच्या बाहीवर ठिबकत होतं. तो हलला नाही. मोकळ्या हाताने वाडगा अलगद ओढून त्याने तो तोंडाला लावला आणि चमच्याचा आवाज होऊ नये म्हणून तसाच, घोट घोट, सूप पीत बसला.