एकतिसावा मुखवटा

"मुखवटा तुम्हीच नेलात, साहेब. जीपच्या मागच्या सीटवर पालथा टाकून. आणि आता कागदावर लिहिता, नष्ट केला!"

सुमनबाई उभ्यानेच बोलल्या. समोर खुर्ची होती, पण शिक्षणाधिकारी साहेब बसा म्हणाले नव्हते आणि बाईंनाही बसायचं नव्हतं. मागे दाराजवळच्या बाकावर हरसूलचा सहादू बसला होता. मांडीवर पिवळं फडकं, आणि फडक्यात काही नाही.

"आवाज खाली, बाई. हा तुमचा वर्ग नाही," साहेबांनी यादी पुढे सरकवली. "एकतीस मुखवटे, आफ्रिकन धाटणीचे, विद्यार्थ्यांनी केलेले. आक्षेपार्ह म्हणून जप्त आणि नष्ट. खाली सही करा. विषय संपला."

विषय कसला संपतोय! विषय सुरू झाला तो भद्रकालीतल्या रद्दीच्या दुकानात.

सुमनबाई म्हणजे सिन्नरच्या विडी कामगाराची लेक. ड्रॉइंगचा कोर्स केला आणि नाशिकच्या एका हायस्कूलात लागली. तीन वर्षं पोरांना मडकं, वांगं आणि खुर्चीवर टाकलेला टॉवेल काढायला शिकवत होती. नोकरी अजून कच्ची. अठ्ठ्याहत्तर साली रद्दीत एक परदेशी मासिक हाती लागलं. त्यात नायजेरियातला एक चित्रकार होता, चांगला जिवंत, टेरिलीनचा शर्ट घातलेला. गावच्या जत्रेतले मुखवटे त्याने शहरातल्या गर्दीच्या चित्रात आणून उभे केले होते. मोटारी, दुकानं आणि मध्येच लांबोडकी लाकडी तोंडं. बाईंनी ते पान नववीच्या फळ्यावर टाचलं.

"बाई, भूत आहे का हो हे?"

"भूत नाही, या चित्रकाराची आजी समज."

"एवढ्या लांब तोंडाची आजी?"

"तुझी आजी काढ बरं न बघता. बघू किती लांब होते."

वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "या लोकांची लाकडी तोंडं गोऱ्यांनी आपल्या देशात नेली. ती बघून तिथल्या चित्रकारांनी चित्रं बदलली. नाव त्यांचं झालं. कोरणाऱ्याचं नाव काय, ते कुणी विचारलं नाही. हा टेरिलीनवाला आता आपलं आपण परत मागतोय, चित्र काढून."

मागच्या बाकावरून वसतिगृहातली लंका उठली. "बाई, आमच्याकडंपण हायेत तोंडं. बोहाड्याची."

वर्ग पुन्हा हसला. या वेळी बाई हसल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी लंकाचा आजा, सहादू, आला. हरसूलहून एसटीने, गाठोडं मांडीवर धरून. कंडक्टर वर ठेव म्हणाला तर त्याच्याशी भांडून. फडकं सोडलं तसं लाल तोंड, पांढरे सुळे आणि वटारलेले डोळे बाहेर आले.

"ही त्राटिका. माझ्या आज्यानं पांगाऱ्याच्या लाकडात कोरली. चैतात बोहाडा लागला का गावात देवा-राक्षसांची सोंगं नाचतात. दुसरी सोंगं दुसऱ्यांची, त्राटिका आमच्याच घरची. बोहाड्याच्या आधी घरी पायजे, बाई. आन् पालथी नका ठेवू. तिला भुईकडं बघाया लावत नाय आमी."

"नाही ठेवणार, बाबा."

"फोटू काढून इकणार नाय ना कोनी?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर हाय. साळंवर नाय," म्हातारा म्हणाला, आणि नातीला न भेटताच परतीच्या एसटीला गेला.

पोरांनी रद्दी कागदाचे तीस मुखवटे केले. प्रदर्शन लागलं. पाटी होती, 'आफ्रिकेची वाट, आजची कला'. मधोमध त्राटिका. प्रत्येक मुखवट्याखाली पोराच्या नावाची चिठ्ठी होती, त्राटिकेखाली नव्हती. नाशिकात बोहाड्याचं सोंग काय चिठ्ठी लावून सांगावं लागतं? असं बाईंना वाटलं. ही त्यांची चूक. स्वतःला माहीत आहे ते वरच्यांनाही माहीत असणार, असं फक्त गरिबाची शिकलेली पोरच धरून चालते.

निनावी पत्र गेलं: बाई मुलांकडून आफ्रिकेतल्या नरबळीच्या देवांची पूजा करवून घेतात. जीप आली. साहेब उतरले. भिंत मोकळी झाली.

पत्र कुणी लिहिलं? बाई स्टाफरूममध्ये शिरल्या की बोलणं थांबे आणि कपबशांचा आवाज वाढे. गणिताचे जयरामसर एकाएकी गोड बोलू लागले. गोड का? हेडसर म्हणाले, "सही करून टाका. तुम्हाला कायम करायचा कागदही साहेबांच्याच टेबलावर आहे." हे समजावणं की धमकावणं? बाई घरी येऊन वर्गातल्या स्वतःच्या वाक्यांवरही संशय घेऊ लागल्या. मी पूजा करा असं कधी म्हणाले का? नव्हत्या म्हणाल्या.

मग एक दिवस शिपाई सावळीराम जिन्याखाली आडवा आला.

"बाई, फाइल घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेलतो. त्राटिका हॉलात टांगलीय, रेडिओच्या वर. पाव्हण्याला सांगत होते, आफ्रिकेची हाय, मेव्हण्यानं बोटीतून आणली."

"तू हे मला का सांगतोस, सावळीराम? कुणी पाठवलं तुला?"

त्याला ते लागलं. "माझी बायको पेठ तालुक्यातली हाय, बाई. सासऱ्याच्या घरात म्हसोबाचं सोंग हाय. मला वळखू नाय येणार?"

त्या संध्याकाळी बाईंनी सहादूला पत्र टाकलं. सगळं खरं लिहिलं, स्वतःची चूकसुद्धा.

आणि आता साहेबांनी स्वतःचं पेन काढून पुढे केलं होतं. शाईचं, सोनेरी टोपणाचं.

बाईंनी ते घेतलं. यादीतला 'एकतीस' आकडा खोडला, तीस केला. खाली बारीक, गोल अक्षरात लिहिलं, प्रदर्शनातल्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या तसं: 'एकतिसावा मुखवटा आफ्रिकन नाही. नष्ट झालेला नाही. त्राटिका, मुक्काम हरसूल, सहादू यांच्या आज्याने कोरलेली. सध्या साहेबांच्या हॉलमध्ये, रेडिओच्या वर.' आणि सही केली.

साहेबांनी वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काय लिहिलंत, कळतंय का? उद्यापासून शाळेत यायची गरज नाही."

"कळतंय," बाई म्हणाल्या. पेनाला टोपण लावून त्यांनी ते साहेबांपुढे ठेवलं. "चिठ्ठी लावायची राहिली होती. लावली."

बाकावरून सहादू उठला. वहाणा त्याने दाराबाहेरच काढल्या होत्या. अनवाणी टेबलाशी आला आणि हातातलं पिवळं फडकं त्या यादीवर, त्या सहीवर पसरलं. वर्षानुवर्षं एकच वस्तू बांधून फडक्याला तिचा आकार आला होता. नाकाच्या जागी फुगवटा, सुळ्यांच्या जागी दोन भोकं. म्हाताऱ्याने तळहाताने ते सारखं केलं.

"तीन दिसांनी बोहाडा हाय, साहेब. त्राटिकेची पाळी आली का मला उघड्या तोंडानं उभं ऱ्हावं लागंल. गाव इचारंल, तोंड कोनी नेलं? मी कोनाचं नाव सांगू? बोला."