कापसावरचा कवडसा

दोष भगवंतरावांचा. गाव काहीही म्हणो. गाव अजून ओमप्रकाशचंच नाव घेतं, पण त्या दुपारी अंगणात शेवटपर्यंत हजर होते ती मी एकटी. मी सूर्यचूल बोलतेय.

लाकूड नको, रॉकेल नको, नुसत्या उन्हावर शिजवायचं म्हणून मला बनवलं. उलट्या छत्रीएवढी चकचकीत थाळी आणि समोर भांडं ठेवायला एक लोखंडी हात. अंगावर पडलेलं सगळं ऊन गोळा करून मी एका जागी फेकते, रुपयाएवढ्या कवडशात. तिथं भांडं ठेवलं तर पाणी उकळतं. दुसरं काही ठेवलं तर ते जळतं. मला निवड नाही.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या प्रदर्शनात भगवंतरावांनी मला पाहिलं. भातकुलीकडचे मोठे शेतकरी, पंचायतीत बसणारे. शेजारचे खुशालराव सोबत होते, त्यांच्यापुढं मान राहावा म्हणून भगवंतरावांनी घासाघीससुद्धा केली नाही. खिशात हात घातला आणि पैसे मोजले.

ते पैसे ओमप्रकाशचे होते. गावातली शाळा सातवीला संपायची. पोरगा पहिला आला होता, पुढं अमरावतीला बोर्डिंगात राहून मॅट्रिक करणार होता. बाप त्या दिवशी त्याची बोर्डिंगची फी भरायलाच निघाला होता. परत आला तो मला बैलबंडीत घालून.

ओमप्रकाशची आई, मैनाबाई, दारातच उभी होती.

"हे काय आणलं?"

"उन्हाची चूल. फुकटात सैपाक."

"फुकटात? मंग बोर्डिंगचे पैसे कुठी हायेत?"

भगवंतराव बैल सोडायला लागले. ती मागंमागं गेली.

"भाकरी कोंबडं आरवलं का थापा लागते. तवा तुमचा सूर्य येते का उठून?"

"औंदाचा कापूस निघू दे. पुढच्या साली पाठवतो पोट्ट्याले. एक साल गेलं तं मरून नाही जात."

ओमप्रकाश खाटेवर बसला होता. त्यानं घडी घातलेला नवा सदरा पेटीतून काढला होता, तो परत पेटीत ठेवला.

मैनाबाईनं माझ्यावर कधीच भाकरी केली नाही. कशी करणार? घरची माणसं ऊन तापायच्या आत शेतात आणि ऊन उतरल्यावर घरी. पावसाळाभर मी गोठ्यात पोत्याखाली पडून होते. भिंतीपलीकडून ओमप्रकाशचं वाचणं ऐकू यायचं. पुस्तक सातवीचंच. पाठ झालेलंच तो पुन्हा वाचायचा.

दिवाळीनंतर कापूस घरी आला. ओसरीत आढ्यापर्यंत गंजी लागली. ओमप्रकाश येता-जाता तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचा.

"माय, यातला माह्या किती?"

"साराच तुह्या हाय, लेका. पयले बजारात तं जाऊ दे."

बाजारात जायला हवा होता. पण खुशालरावांनी पारावर विचारलं होतं, "काय भगवंतराव, तुमच्या सूर्यानं काही शिजवलं का अजून, का नुसता मुखडा पाहाले आणला?" माणसं हसली. हे भगवंतरावांच्या जिव्हारी लागलं. तालुक्याचे साहेब गावात येणार होते. त्यांना माझ्यावरचा चहा पाजायचा आणि मगच कापूस हलवायचा, असं त्यांनी ठरवलं.

मी मधल्या अंगणात उभी होते. साहेबांना सावलीत बसून दिसावं म्हणून भगवंतरावांनी मला ओढत ओसरीला लावलं. गंजी माझ्यापासून हातभर.

"बाबा, गंजी जवळ हाय," ओमप्रकाश म्हणाला. "मी परवा हिच्यात वाळलं पान धरलं होतं, भक्कन पेटलं."

"तू मले शिकवतं का? सातवी काय झाला, बापाचा बाप झाला."

"मी बसतो मंग इथंच. हिचं तोंड फिरवत."

"बस."

साहेब आले. पाणी उकळलं, चहा झाला, खुशालरावांनीही मुकाट घेतला. भगवंतराव इतके फुलले की साहेबांना वेशीपर्यंत पोचवायला निघाले.

"ओम्या, साहेबाची ब्याग घे."

"बाबा, हिले झाकून येतो."

"साहेब थांबतीन का तुह्यासाठी? घे म्हणतो ना."

त्यानं ब्याग घेतली. जाताना दोनदा मागं वळून पाहिलं.

भांडं उतरवलेलं होतं. माझं तोंड उघडं, समोर सूर्य. तो खाली सरकला तसा माझा कवडसाही सरकला, लोखंडी हातावरून निसटला, ओसरीच्या खांबावर आला. खांब काळा पडू लागला. मान वळवता आली असती तर वळवली असती. माझी मान दुसऱ्याच्या हातात असते. कुणीतरी या, मी मनात म्हणत होते, कोंबडं या, कुत्रं या, मला धक्का द्या. मैनाबाई शेतात होती. कवडसा खांबावरून पुढं सरकला आणि पांढऱ्या कापसावर टेकला. आधी एक पिवळा ठिपका उमटला. मग धूर आला.

माणसं धावत आली तेव्हा ओसरीला जाळ लागला होता. घर वाचलं, कापूस गेला.

भगवंतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "या पोट्ट्याले राखणीले बसवलं होतं. गेला हुंदडत."

ब्याग ज्याच्या हाती दिली त्याला ते असं म्हणाले. साहेबांना पोचवायला गेलेल्या दहा जणांनी ऐकलं. खुशालरावांनी धोतराचा सोगा झाडला आणि घरी गेले. ओमप्रकाश बापाकडं बघत राहिला.

मैनाबाईनं शेण कालवलं आणि मला दोन बोटं जाड सारवून टाकलं. "आता पाह्य सूर्याले," म्हणाली. तेव्हापासून मी आंधळी आहे. आज चौसष्ट साली मी गोठ्यामागं उताणी पडलेली असते आणि माझ्यात कोंबड्या पाणी पितात. बरं आहे. कधी शेणाचा पोपडा निघतो आणि उन्हाची तिरीप आत शिरते, तेव्हा मी घाबरते. मला कोणी घासूनपुसून लख्ख करू नका, एवढंच मागणं.

भगवंतराव अजून पाहुण्यांना सांगतात, "आमच्या पोट्ट्याचं शिकण्यात मनच नव्हतं."

ओमप्रकाश अकोल्याला जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे वाहतो. तो सातवी शिकला.